न्यूरेंबर्गमध्ये शनिवार-रविवार: दोन दिवस कसे आखावेत

म्युनिकहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येतं, म्हणून बहुतेक जण न्यूरेंबर्ग एका दिवसात उरकतात. किल्ला, चौकातले फोटो, पावातले तीन सॉसेज, झालं. पण या शहरात दोन वेगळे इतिहास आहेत. एक तटबंदीच्या आतला, सम्राटांचा आणि कारागिरांचा. दुसरा तटाबाहेर, आग्नेयेला, हिटलरच्या मेळाव्यांचा. दोन्ही एका दिवसात कोंबले की दुसरा हमखास राहून जातो. म्हणून माझा आराखडा सरळ आहे: शनिवार तटाच्या आत, रविवार तटाबाहेर.

याला व्यवहाराची बाजूही आहे. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, सुपरमार्केटसुद्धा. बव्हेरियात, म्हणजे न्यूरेंबर्ग ज्या राज्यात आहे तिथे, तर शनिवारीही रात्री आठला शटर खाली येतं. बाजार, खाऊ, खरेदी असलेला भाग शनिवारी आणि म्युझियमचा भाग रविवारी ठेवला की हा नियम आड येत नाही. सोमवारची सुट्टी जोडून जायचा विचार असेल तर सावध राहा, कारण अनेक म्युझियम सोमवारी बंद असतात.

आधी तारीख

न्यूरेंबर्ग हे प्रदर्शनांचं शहर आहे. जानेवारीच्या शेवटी-फेब्रुवारीच्या सुरुवातीला खेळण्यांचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरतं, फेब्रुवारीतच सेंद्रिय अन्नाचं. त्या दिवसांत साध्या हॉटेलचे दरही गगनाला भिडतात. तारखा ठरवण्याआधी प्रदर्शनांचं कॅलेंडर एकदा नजरेखालून घाला.

नाताळचा बाजार, म्हणजे क्रिस्टकिंडलेसमार्क्ट, अ‍ॅडव्हेंटच्या (नाताळआधीचा चार आठवड्यांचा काळ) पहिल्या रविवारआधीच्या शुक्रवारी सुरू होतो आणि २४ डिसेंबरपर्यंत चालतो. तो बघायचाच असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. त्या काळातल्या शनिवारी चौकात तुम्ही चालत नाही, गर्दी तुम्हाला चालवते. मला विचाराल तर मे-जून किंवा सप्टेंबर सगळ्यात बरे.

मग तिकीट

म्युनिकहून आयसीई ही वेगवान गाडी तासाभराहून थोडा जास्त वेळ घेते, फ्रँकफर्टहून साधारण दोन तास. लवकर काढलेलं स्वस्त तिकीट त्याच गाडीला बांधलेलं असतं, ती चुकली तर दुसरीत चालत नाही. डॉइचलांड-तिकीट, म्हणजे देशभरातल्या स्थानिक आणि रिजनल गाड्यांचा मासिक पास, असेल तर आयसीईत बसू नका, ते तिथे चालत नाही. म्युनिकहून इंगोलश्टाटमार्गे जाणारी रिजनल एक्सप्रेस धरा, पावणेदोन तासांच्या आसपास पोचवते. चार-पाच जण मिळून निघणार असाल तर बायर्न-तिकीट काढा: एका तिकिटावर पाच जणांपर्यंत, रिजनल गाड्यांत. शनिवार-रविवारी ते मध्यरात्रीपासून चालतं, इतर दिवशी सकाळी नऊनंतर. ते एकाच दिवसाचं असतं, येतानाचं वेगळं.

शहरातल्या ट्राम-मेट्रोसाठी शनिवारी घेतलेलं दिवसाचं तिकीट रविवारीही चालतं. हे माहीत नसल्यामुळे लोक रविवारी पुन्हा पैसे भरतात.

राहायला मुख्य स्टेशनच्या आसपास किंवा तटाच्या आत. स्टेशन तटाला अगदी लागून आहे, समोरचा रस्ता ओलांडला की जुनं शहर सुरू. किल्ल्याजवळची हॉटेलं चित्रात छान दिसतात, पण बॅगा ओढत दगडी चढ चढावा लागतो. आईबाबा सोबत असतील तर तो मोह टाळाच.

शनिवार: स्टेशनपासून किल्ल्यापर्यंत, चढत

जुनं शहर दक्षिणेकडून उत्तरेकडे चढत जातं. त्याच दिशेने चाला, वाटेतच सगळं लागतं.

पहिला थांबा सेंट लोरेन्त्स चर्च. आत गेल्यावर वर बघा: फाइट श्टोसने लाकडात कोरलेला देवदूत आणि मेरीचा प्रसंग छतापासून टांगलेला आहे. बाजूला आडाम क्राफ्टचं सुमारे वीस मीटर उंचीचं दगडी शिल्प आहे. त्याच्या पायाशी गुडघे टेकून सगळा डोलारा खांद्यावर पेलणारा माणूस शोधा. तो स्वतः क्राफ्ट आहे. शिल्पकाराने एवढ्या उघडपणे स्वतःला कामात बसवून घ्यावं, हा या कारागिरांच्या शहराचा स्वभावच.

नदी ओलांडून बाराच्या आत हाउप्टमार्क्ट चौकात पोचा. फ्राउएनकिर्शच्या घड्याळावर दुपारी बाराला सात राजपुत्र सम्राटाभोवती फेऱ्या मारतात. १३५६ च्या ज्या फर्मानाने सम्राट निवडायची पद्धत ठरली, त्याची ही आठवण. पाच मिनिटांचा खेळ आहे, मुलांना आवडतो. पण ज्या जागेवर हे चर्च उभं आहे तिथे आधी सिनेगॉग होतं. १३४९ मध्ये इथल्या ज्यूंची कत्तल झाली, वस्ती पाडली आणि त्या जागी हा चौक आला. रविवारी जे बघायचं आहे त्याची मुळं किती जुनी आहेत, ते इथेच कळतं.

जेवून दोनच्या सुमाराला किल्ला. एप्रिल ते सप्टेंबर तो सहापर्यंत उघडा असतो, हिवाळ्यात चारलाच बंद होतो. खोल विहीर चुकवू नका. जवळपास पन्नास मीटर खोल आहे, आणि गाइड वरून पाणी ओततो तेव्हा आवाज यायला किती वेळ लागतो ते ऐकण्यासारखं. नंतर गोल बुरुजावर चढा. वरून दिसणारी लाल छपरं मध्ययुगीन वाटतात, पण २ जानेवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जुनं शहर जवळजवळ सगळं पडलं होतं. दिसतंय त्यातलं बरंचसं युद्धानंतर, जुन्या गल्ल्यांच्या आखणीवर पुन्हा बांधलेलं आहे.

किल्ल्यावरून उतरलात की समोर चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररचं घर. १५०९ पासून १५२८ ला मरेपर्यंत तो इथे राहिला. अस्सल मोठ्या चित्रांची अपेक्षा ठेवून जाऊ नका. ‘चार प्रेषित’ तर १६२७ मध्येच म्युनिकला गेलं. इथे बघायचं ते घर, स्वयंपाकघर आणि छपाईचं यंत्र. आपल्यासाठी एक धागाही आहे. गुजरातच्या सुलतानाकडून मिळालेला एक गेंडा गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने पोर्तुगालच्या राजाला पाठवला. १५१५ च्या मे महिन्यात तो लिस्बनला उतरला. ड्यूररने तो कधीच पाहिला नाही. कुणीतरी पाठवलेल्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून त्याने लाकडी ठशाचं चित्र केलं: अंगावर चिलखताचे पत्रे, पाठीवर एक जास्तीचं शिंग. पुढची दोन-अडीचशे वर्षं युरोपने गेंडा म्हणून हेच चित्र मानलं. खरा गेंडा पोपकडे नेताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासह बुडाला.

संध्याकाळ घरासमोरच्या चौकात काढा. उन्हाळ्यात तिथे लोक बिअर घेऊन दगडी जमिनीवरच बसतात. वेळ उरला तर खडकात खोदलेल्या बिअर-तळघरांची फेरी घ्या, पण जाकीट हवंच, आत बारा अंशांच्या वर तापमान जात नाही. इंग्रजी फेऱ्या मोजक्या असतात, वेळ आधी बघून ठेवा.

खाणं

इथलं सॉसेज बोटाएवढं, वजन २०-२५ ग्रॅम, मार्जोरम घातलेलं. रस्त्यावर ‘द्राय इम वेग्ला’ मागा, म्हणजे पावात तीन. हॉटेलात सहा, आठ, दहा असे मिळतात, सोबत आंबट कोबी किंवा बटाट्याचं सॅलड. सगळं डुकराचं मांस आहे, हे लक्षात घ्या.

शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत, पण दोन ठिकाणी फसायला होतं. बटाट्याच्या गोळ्यांवरचा रस्सा मांसाचा असतो आणि बटाट्याच्या सॅलडमध्ये कधीकधी मांसाचं पाणी असतं. ‘ओने फ्लाइश’ म्हणजे मांसाशिवाय, एवढं विचारून थांबू नका, रश्शाचंही विचारा. बिनधास्त मागावं ते केझश्पेट्सले, चीज आणि तळलेल्या कांद्यातल्या शेवया. पाच-सहा युरोच्या वस्तूला कार्ड चालेलच असं नाही, थोडी रोकड ठेवा.

लेबकुखन, म्हणजे इथली मसालेदार गोड बिस्किटं, शनिवारीच घ्या. ‘एलिझेन’ लिहिलेलंच निवडा: त्यात सुकामेवा किमान पाव हिस्सा असतो आणि पीठ दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसतं. रविवारसाठी पाणी आणि फळंही शनिवारी रात्री आठच्या आत घेऊन ठेवा.

रविवार: आधी मैदान, मग कोर्ट

क्रम उलटा करू नका. सकाळी स्टेशनहून ट्रामने डोकु-त्सेंट्रुमला, म्हणजे नाझी मेळाव्यांच्या जागेवरच्या म्युझियमला, जा. १९३३ ते १९३८ नाझी पक्षाचे वार्षिक मेळावे इथे भरत. रोमच्या कोलोझियमवर बेतलेला, पन्नास हजार माणसांसाठी आखलेला आणि कधीच पूर्ण न झालेला काँग्रेस हॉल इथे आहे. त्यातल्या म्युझियमचं नूतनीकरण बरंच लांबलं आहे, त्यामुळे कोणता भाग खुला आहे ते निघण्याआधी बघा. तळ्याला वळसा घालून चालत त्सेपेलिन मैदानावर जा, मोकळी जागा आहे. हिटलरचा वास्तुकार श्पेअर याने बांधलेल्या मंचावरचं स्वस्तिक अमेरिकन सैन्याने एप्रिल १९४५ मध्ये सुरुंगाने उडवलं. आज तिथे लोक स्केटिंग करतात.

तिथे गंमत म्हणूनही हात उंचावून फोटो काढू नका, जर्मनीत तो गुन्हा आहे. लॉकेटवर किंवा बॅगेवर आपलं स्वस्तिक असेल तर त्या दिवशी झाकलेलं बरं. आपल्या धार्मिक वापराला कायदा अडवत नाही, पण तिथे उभ्या असलेल्या माणसाला तो फरक दिसणार कसा?

दुपारी मेट्रो यू-१ ने बेरनशान्त्से. न्यायालयाच्या इमारतीत खोली क्रमांक ६०० आहे. २० नोव्हेंबर १९४५ ते १ ऑक्टोबर १९४६ नाझी नेत्यांवरचा न्यूरेंबर्ग खटला इथे चालला. शहर पडलेलं असताना ही इमारत बरीचशी शाबूत होती आणि तिला तुरुंग जोडलेला होता, म्हणून ती निवडली गेली. चार भाषांत एकाच वेळी दुभाषे बोलत, हेडफोनवर ऐकणं हे तेव्हा नवीनच होतं. वरच्या मजल्यावरचं प्रदर्शन वाचत गेलात तर दोन तास सहज जातात. लहान मुलांना हे झेपत नाही. त्यांच्यासाठी स्टेशनजवळचं रेल्वे म्युझियम ठेवा आणि घरातल्या मोठ्यांनी आळीपाळीने जा. जर्मनीतली पहिली वाफेची रेल्वे १८३५ मध्ये न्यूरेंबर्ग-फ्युर्थ धावली, म्हणून ते म्युझियम इथे आहे.

परतीची गाडी सातच्या आसपासची घ्या. रविवारी संध्याकाळी रिजनल गाड्या तुडुंब असतात, तेव्हा पंधरा-वीस मिनिटं आधी फलाटावर या. आयसीई असेल तर जागा राखून ठेवा. रात्रीचं खाणं राहिलंच तर स्टेशनातली दुकानं रविवारीही उघडी असतात.