कार्डावर ‘डायरेक्टर’ छापण्यापूर्वी: लहान व्यावसायिकांसाठी पदनामांचे कायदेशीर नियम

व्हिजिटिंग कार्डाच्या कागदाची जाडी आणि लोगोचा रंग यांवर छापखान्यात अर्धा तास चर्चा होते. मग प्रेसवाला सहज विचारतो, “नावाखाली काय टाकू? प्रोप्रायटर की डायरेक्टर?” डायरेक्टर भारदस्त वाटते, म्हणून तेच छापले जाते. पुढे तोच शब्द लेटरहेडवर, रबरी शिक्क्यावर, कोटेशनवर आणि अखेरीस बँकेच्या कर्जप्रकरणात जाऊन बसतो. आपल्याकडे पदनामांचा असा एकच स्वतंत्र कायदा नाही. कंपनी कायदा, भागीदारी कायदा, करार कायदा, धनादेशांचा कायदा, कामगार कायदे आणि निरनिराळ्या व्यवसायांचे कायदे यांत हे नियम विखुरलेले आहेत. तरीही पद ठरवताना एक प्रश्न सर्वत्र उपयोगी पडतो: हे पद वाचून समोरच्याने विश्वास ठेवला आणि उधारी दिली किंवा करार केला, तर त्याची जबाबदारी कोणाच्या गळ्यात पडेल?

आधी व्यवसायाचे रूप, मग पद

एकट्याच्या मालकीचा व्यवसाय आणि त्याचा मालक यांत कायदा भेद करीत नाही. दुकानाच्या पाटीवर पूर्वापार दिसणारे ‘प्रो. प्रा.’ हेच त्याचे बिनचूक पद असून ‘मालक’ हा शब्दही तितकाच चोख आहे. डायरेक्टर म्हणजे कंपनीच्या संचालक मंडळावर नेमलेली व्यक्ती, अशी व्याख्या कंपनी अधिनियम, २०१३ मध्ये आहे आणि त्या नेमणुकीसाठी डीआयएन, म्हणजे संचालकाचा ओळख क्रमांक, असावा लागतो. कंपनीच नसेल तर मंडळ नाही, आणि मंडळ नसेल तर डायरेक्टरही नाही. मराठीत मात्र एक गुंता आहे. ‘संचालक’ हा शब्द आपण क्लास, खानावळ, वाचनालय किंवा वसतिगृह चालवणाऱ्यालाही सर्रास लावतो आणि त्यात फसवणुकीचा हेतू नसतो. पण तीच व्यक्ती इंग्रजी लेटरहेडवर डायरेक्टर झाली की वाचणाऱ्याचा समज बदलतो. म्हणून मराठी मजकुरात ‘संचालक’ लिहायचेच असेल, तर त्याच कागदावर ‘मालकी व्यवसाय’ असा उल्लेख करावा, असे मी सुचवीन.

‘संस्थापक’ या शब्दाला अधिकाराचा असा काही कायदेशीर अर्थ नसल्यामुळे व्यवसाय खरोखर आपणच सुरू केला असेल, तर तो निर्धास्त वापरावा. एकल मालकाने ‘सीईओ’ लिहिण्यावर थेट बंदी नाही, परंतु अर्जावर एक पद आणि कार्डावर दुसरे, अशी तफावत बँकेच्या तपासणीत उगाच प्रश्न उभे करते. याहून गंभीर चूक व्यवसायाच्या नावात होते. नोंदणी नसताना नावाला ‘लिमिटेड’ किंवा ‘प्रायव्हेट लिमिटेड’ जोडल्यास कंपनी अधिनियमाच्या कलम ४५३ नुसार, ते नाव जितके दिवस वापरले तितक्या प्रत्येक दिवसासाठी ५०० ते २,००० रुपये दंड आहे. ‘एलएलपी’ (मर्यादित दायित्व भागीदारी) हा शब्द असाच लावल्यास एलएलपीविषयीच्या २००८ च्या अधिनियमात ५० हजार ते ५ लाख रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. एलएलपीमध्ये डायरेक्टर नसतात, भागीदार असतात आणि त्यांतील किमान दोघे ‘डेझिग्नेटेड पार्टनर’ असावे लागतात. कायद्याचे पालन झाले नाही तर मुख्यतः त्यांनाच जाब विचारला जातो, त्यामुळे हे पद कोणालाही मान म्हणून देऊ नये.

भाच्याला ‘भागीदार’ म्हणण्याची किंमत

मला सर्वांत धोक्याचे पद वाटते ते ‘भागीदार’, कारण ते घरच्या घरी आणि प्रेमापोटी दिले जाते. समजा, इचलकरंजीतील एका कापड व्यापाऱ्याने दुकानात बसणाऱ्या भाच्याचे लग्न जमावे म्हणून त्याच्या कार्डावर ‘भागीदार’ छापले. भागीदारीपत्रात भाच्याचे नाव नाही, नफ्यात त्याचा वाटा नाही, त्याला महिन्याला पगार मिळतो. ते कार्ड पाहून, आणि भाच्याच्या वडिलांची शेती ठाऊक असल्यामुळे, सूत पुरवणाऱ्याने उधारीवर माल दिला आणि पुढे दुकान अडचणीत आले. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ चे कलम २८ सांगते की, जो स्वतःला बोलून, लिहून किंवा वागणुकीतून भागीदार म्हणवतो, किंवा इतरांनी तसे म्हटलेले जाणूनबुजून चालू देतो, तो त्या समजावर विसंबून उधारी देणाऱ्यास भागीदाराप्रमाणेच जबाबदार असतो. भाच्याच्या हाती नफ्याचा पैसाही आला नाही, तरी पुरवठादार त्याच्यावर दावा लावू शकतो.

निवृत्त होणाऱ्या भागीदाराचेही असेच आहे. फर्म सोडल्याची जाहीर सूचना दिली जाईपर्यंत बाहेरच्यांच्या दृष्टीने त्याची जबाबदारी चालू राहते. नोंदणीकृत फर्मच्या बाबतीत या सूचनेत फर्मची नोंद ठेवणाऱ्या निबंधकाला कळवणे, तसेच राजपत्रात आणि त्या जिल्ह्यात खपणाऱ्या स्थानिक भाषेतील किमान एका वृत्तपत्रात प्रसिद्धी देणे, या गोष्टी येतात. केवळ ‘आम्ही वेगळे झालो’ असे बाजारात तोंडी सांगून भागत नाही.

कंपनी असेल तर

प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत डायरेक्टर हे पद नोंदीवर असते आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही ते पडताळून पाहता येते. व्यवस्थापकीय संचालक नेमताना संचालक मंडळाचा ठराव करावा आणि मुदत एका वेळी पाच वर्षांहून अधिक ठेवू नये. याच कायद्यात ‘मॅनेजर’ या शब्दाची व्याख्या रोजच्या वापरापेक्षा बरीच मोठी आहे: मंडळाच्या देखरेखीखाली कंपनीचा संपूर्ण किंवा जवळजवळ संपूर्ण कारभार पाहणारी व्यक्ती. असा मॅनेजर आणि व्यवस्थापकीय संचालक एकाच वेळी ठेवता येत नाहीत. शाखेचा किंवा विक्री विभागाचा मॅनेजर या व्याख्येत येत नाही. तरीही नेमणूकपत्रात ‘मॅनेजर, विक्री विभाग’ असे नेमके लिहिलेले बरे.

‘सीईओ’ हे पद कंपनीत फुकट वाटण्यासारखे नाही. कंपनीने ज्याला तसे पदनाम दिले तो सीईओ, इतकी सरळ व्याख्या आहे. सीईओ हा प्रमुख व्यवस्थापकीय अधिकाऱ्यांत मोडतो आणि कंपनीकडून कायद्याचे उल्लंघन झाल्यास ‘कसूरदार अधिकारी’ म्हणून त्याच्याकडे बोट जाऊ शकते. तेव्हा नुकताच पदवीधर झालेल्या मुलाला सीईओ करण्यापूर्वी हे त्याला समजावून सांगावे.

मंडळावर नसलेल्या नोकराला ‘डायरेक्टर, सेल्स’ म्हणण्याची पद्धत मोठ्या कंपन्यांकडून लहानांकडे आली आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २३७ प्रमाणे, प्रतिनिधीला अधिकार आहे असा समज आपल्या वागण्यातून निर्माण करून दिला असेल, तर त्याने अधिकाराबाहेर केलेला व्यवहारही आपल्यावर बंधनकारक ठरू शकतो. मोठे पद द्यायचेच असेल, तर किती रकमेपर्यंत सवलत आणि कोणत्या कागदांवर सही, हे ठरावात लिहावे आणि नेहमीच्या ग्राहकांना कळवावे.

रबरी शिक्का

शिक्क्यावरील ‘करिता’ हा शब्द जागा वाचवण्यासाठी कधीही गाळू नये. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१, म्हणजेच धनादेशांच्या कायद्याच्या कलम २८ नुसार, प्रतिनिधी म्हणून सही करीत असल्याचे न दर्शवता धनादेशावर सही करणारा स्वतः देणेकरी ठरू शकतो. म्हणून वर ‘अमुक प्रायव्हेट लिमिटेडकरिता’, मध्ये सही आणि खाली ‘संचालक’ किंवा ‘अधिकृत स्वाक्षरीकर्ता’ अशी मांडणी ठेवावी. व्यवसाय पत्नीच्या नावे आणि धावपळ पतीची, अशा घरांत पतीचे योग्य पद ‘अधिकृत स्वाक्षरीकर्ता’ हेच असते. तेही तिने लेखी अधिकार दिला असेल तरच. धनादेश न वटल्यास पदानुसार फरक पडतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये एस. एम. एस. फार्मास्युटिकल्स प्रकरणात स्पष्ट केले: व्यवस्थापकीय संचालक पदामुळेच जबाबदार मानला जातो, सही करणाराही सुटत नाही, मात्र नुसत्या संचालकाच्या बाबतीत तो त्या वेळी कारभार पाहत होता, असे तक्रारीत मांडावे लागते.

नोंदणीशिवाय न लावायची पदे

वकील, चार्टर्ड अकाउंटंट आणि नोंदणीकृत फार्मासिस्ट यांच्याबद्दल सहसा कोणाचा गैरसमज नसतो. ‘आर्किटेक्ट’बद्दल मात्र हमखास असतो. वास्तुविशारद अधिनियम, १९७२ चे कलम ३७ हे पद नोंदणीकृत वास्तुविशारदांसाठी राखून ठेवते. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा अर्थ लावला की, हे कलम त्या स्वरूपाचे काम करण्यावर नव्हे, तर पदनाम वापरण्यावर बंदी घालते. आणि नोएडा प्राधिकरणाला ‘असोसिएट आर्किटेक्ट’ या पदाचे नाव बदलायला सांगितले. सरकारी प्राधिकरणाला जिथे पाटी बदलावी लागली, तिथे इंटिरिअरचे काम करणाऱ्याने ‘इंटिरिअर डिझायनर’ एवढेच लिहावे.

म्युच्युअल फंड वितरकांनाही हाच सल्ला आहे. भांडवली बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या २०२० मधील दुरुस्तीनंतर, गुंतवणूक सल्लागार म्हणून नोंदणी नसलेल्या वितरकाला ‘इंडिपेंडंट फायनान्शियल ॲडव्हायझर’, ‘वेल्थ ॲडव्हायझर’ किंवा तत्सम नाव घेता येत नाही, आणि ‘आर्थिक सल्लागार’ हे मराठी रूप ‘तत्सम’मध्ये येणार नाही असे समजणे भाबडेपणाचे आहे. ‘जीएसटी प्रॅक्टिशनर’ म्हणवण्यासाठीही नोंदणी लागते.

नोकरांची पदे

एखाद्याला ‘सुपरवायझर’ किंवा ‘असिस्टंट मॅनेजर’ म्हटले की कामगार कायदे लागू होत नाहीत, ही समजूत चुकीची आहे. मुख्य काम कोणते, हे पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये सीबा गायगी प्रकरणात सांगितले. दिवसभर नोंदी लिहिणारा माणूस अधूनमधून दोघांवर देखरेख करतो, म्हणून तो व्यवस्थापक होत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत पर्यवेक्षकाचे वेतन महिना १८,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तरच तो ‘कामगार’ या व्याख्येबाहेर जातो. ‘कन्सल्टंट’ आणि ‘ट्रेनी’ या शब्दांनाही हीच कसोटी लावली जाते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात, तो जिथे पूर्णपणे लागू होतो तिथे, व्यवस्थापकीय, पर्यवेक्षी किंवा गोपनीय स्वरूपाच्या पदांवरील व्यक्तींची यादी संकेतस्थळावर, आणि ते नसेल तर आस्थापनेत दर्शनी जागी लावून तिची प्रत सुविधाकाराला, म्हणजे या कायद्याखाली तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याला, पाठवण्याची तरतूद आहे. ही यादी आजच करून पाहावी. पाच जणांच्या कार्यालयात चार मॅनेजर निघाले, तर नेमणूकपत्रांतील कामाचे वर्णन पुन्हा वाचावे लागेल.

पद बदलले किंवा कोणी सोडून गेले, तर नव्या पदाचा कागद फाइलला लावावा, बँकेला स्वाक्षरीतील बदल लेखी कळवावा, ई-मेलखालची सही बदलावी आणि जुना शिक्का व उरलेली कार्डे परत मागून घेऊन त्याची पोच सहीनिशी ठेवावी.