दादोबांवर प्रबंध करताना मी कुठे कुठे फसले

एमएच्या प्रबंधाला मी दादोबा पांडुरंग तर्खडकर घेतले होते. १८३६ चं मराठी व्याकरण लिहिणारे म्हणून सगळ्यांना माहीत असतात, पण मला बघायची होती त्यांची नोकरी, म्हणजे साधा मास्तर ते शाळांवरचा अधिकारी. पहिले दोन महिने चक्क फुकट गेले कारण मी शिक्षण खात्याचे रिपोर्ट चाळत बसले होते. वूडचा खलिता, म्हणजे ज्या सरकारी धोरणातून शिक्षण खातं निघालं तो, १८५४ चा, खातं सुरू झालं १८५५ ला, आणि दादोबा १८५२ लाच शाळा सोडून नगरला डेप्युटी कलेक्टर होऊन गेलेले! सापडणार काय कप्पाळ.

म्हणून आधी एका कागदावर सालं लिहा आणि त्या साली सरकारी शाळा कोण चालवत होतं ते समोर मांडा. १८४० पासून बोर्ड ऑफ एज्युकेशन, त्याआधी नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी. रिपोर्ट त्या नावानेच मागायचे.

दुसरी गोष्ट गावं. हा माणूस आधी माळव्यातल्या जावरा संस्थानच्या नवाबाला शिकवत होता, मग मुंबईत एल्फिन्स्टनला, मग सुरतेच्या इंग्रजी शाळेत. नुसती मराठी साधनं बघितली तर सुरतेची वर्षं कोरडीच वाटतात, पण तिथेच १८४४ साली दुर्गाराम मेहताजी या गुजराती सुधारकाबरोबर मानवधर्मसभा ही धर्मसुधारणेची सभा निघाली आणि गुजरातीत त्यावर भरपूर लिहिलेलं आहे (मला मैत्रिणीने वाचून दाखवलं, तिचे उपकार).

मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटला तो १८४६ नंतरचा काळ. बाळशास्त्री जांभेकर अचानक गेले आणि नॉर्मल स्कूल, म्हणजे मास्तर तयार करायची शाळा, दादोबांकडे आली. मास्तर घडवणारा हाच आणि व्याकरणाचं पुस्तकही ह्याचंच, विचार करा!

मग एवढं सोडून कलेक्टर कचेरीत का गेले, हे व्हायवाला विचारतातच. आपल्याला ते शिक्षण सोडणं वाटतं, पण तेव्हा शाळा काय नि महसूल काय, चाकरी सरकारचीच, आणि डेप्युटी कलेक्टर ही एतद्देशीयाला मिळणाऱ्या मोठ्या जागांपैकी एक. रावबहादूर झाले ते नगरच्या कामावर, शाळेच्या नाही.

आणि हो, जुन्या इंग्रजी इंडेक्समध्ये तर्खडकर म्हणून टी खाली शोधत बसू नका. डी बघा, दादोबा पांडुरंग.