गाड्यांचे मेसेज गळतायत? पॉवर वाढवण्याआधी या चुका टाळा

गाड्या आपलं ठिकाण आणि वेग सांगणारे मेसेज रेडिओवरून एकमेकींना पाठवतात. मोकळ्या मैदानात दोन गाड्या उभ्या करून घेतलेली त्यांची चाचणी नेहमीच झकास होते. गर्दीच्या चौकात मेसेज गळू लागले की पहिला हात जातो ट्रान्समिट पॉवरकडे, म्हणजे सिग्नल पाठवण्याच्या ताकदीकडे, आणि घोळ तिथेच सुरू होतो. पॉवर वाढवली की आपण आणखी लांबच्या गाड्यांचं चॅनेल, म्हणजे सगळ्यांची सामायिक रेडिओ वाट, अडवतो. सगळ्यांनीच ती वाढवली तर कोणाचंच कोणाला ऐकू येत नाही.

आधी चॅनेल किती वेळ व्यापलेलं आहे ते मोजा. याला चॅनेल बिझी रेशो म्हणतात. चॅनेल रिकामं असूनही मेसेज गळत असतील तर दोष अँटेनात, केबलमध्ये किंवा आड आलेल्या ट्रकमध्ये शोधा. या मेसेजांच्या ५.९ गिगाहर्ट्झ फ्रिक्वेन्सीवर लांब केबल भरपूर सिग्नल खाते. ३ डेसिबल गेले, म्हणजे निम्मी पॉवर वाटेतच संपली. उलट चॅनेल भरलेलं असेल तर पॉवर आणि मेसेजची संख्या, दोन्ही खाली आणा. सेकंदाला १० मेसेज हा आकडा उगाच सगळीकडे चिकटवला जातो. युरोपीय पद्धतीत गाडी ४ मीटर सरकली, ४ अंश वळली किंवा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरने बदलला, तरच पुढचा मेसेज लवकर जातो; नाहीतर सेकंदाला एक पुरतो.

पाठवणाऱ्या गाडीच्या लॉगवर (नोंदींवर) तर मुळीच विसंबू नका. हे मेसेज सगळ्यांसाठी असतात, त्यांची पोच येत नाही. कोपऱ्याआडच्या दोन गाड्या एकाच वेळी बोलल्या तर मधल्या तिसरीला काहीच कळत नाही, आणि दोघींचे लॉग मात्र स्वच्छ!

मोबाइलच्या तंत्रावर बेतलेल्या सेल्युलर पद्धतीत (सी-व्ही२एक्स) वेगळीच खोड आहे. तिथे गाडी मेसेजसाठी वेळ आणि फ्रिक्वेन्सीची एक जागा निवडून काही काळ तीच वापरते. दोघींनी एकच जागा धरली की मेसेज एखाददुसरा नाही, ओळीने गायब होतात. जागा बदलली की आपोआप सुरळीत. असा नमुना दिसला तर जागा कायम ठेवण्याची शक्यता कमी करून पाहा. या जागा उपग्रहाकडून मिळणाऱ्या वेळेवर जुळतात, म्हणून बोगद्यात ती वेळ टिकते का, तेही तपासा.

जुन्या सेटिंग्ज डोळे मिटून उचलू नका. अमेरिकेने १९९९ मध्ये गाड्यांच्या मेसेजांसाठी ७५ मेगाहर्ट्झचा रेडिओ पट्टा दिला होता. २०२० च्या निर्णयाने त्यातले वरचे ३० मेगाहर्ट्झच उरले. सुरक्षा मेसेजांचं जुनं १७२ क्रमांकाचं चॅनेल नेमकं खालच्या, गेलेल्या भागात होतं.