स्नोड्रॉपच्या मेळाव्यात होणाऱ्या या चुका टाळा

इंग्लंडमध्ये जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंत स्नोड्रॉप या हिवाळ्यात फुलणाऱ्या, कंदापासून वाढणाऱ्या छोट्या पांढऱ्या फुलाच्या प्रेमींचे लहानमोठे मेळावे भरतात. गावच्या सभागृहात लांब टेबले मांडली जातात, छोट्या रोपवाटिकांचे मालक कुंड्या घेऊन येतात, आसपासचे बागप्रेमी आपल्या वाफ्यातले जादा कंद अदलाबदलीसाठी आणतात, एखादे व्याख्यान होते आणि नंतर जवळची एखादी बाग पाहायला सगळे मिळून जातात. आमच्या भागातल्या अशा मेळाव्यात अदलाबदलीच्या टेबलाची जबाबदारी बरीच वर्षे माझ्याकडे आहे आणि दर हिवाळ्यात त्याच त्या चुका मी पाहत आले आहे. अलीकडे इथे स्थायिक झालेली काही मराठी कुटुंबेही हौसेने येऊ लागली आहेत, म्हणून हे सगळे एकदा मराठीत सविस्तर लिहीत आहे.

लेबलाकडे दुर्लक्ष

स्नोड्रॉपचे, म्हणजेच गॅलँथसचे, फूल लांबून सगळीकडे सारखेच दिसते: बाहेर तीन पांढऱ्या पाकळ्या, आत तीन आखूड पाकळ्या आणि त्यांवर हिरवी खूण. मूळ प्रजाती विसाच्या आसपास आहेत, नाव मिळालेले वाण मात्र हजाराहून अधिक आहेत, आणि दोन वाणांतला फरक अनेकदा त्या हिरव्या खुणेच्या आकारात, फुलाच्या देठाच्या लांबीत किंवा पानांच्या ठेवणीत असतो. फूल वर्षातून काही आठवडेच टिकते. उन्हाळ्यात तर पानेही नाहीशी होतात, कुंडीत नुसती माती उरते, आणि त्या मातीखाली काय आहे हे सांगणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे लेबल. तरीही लोक सर्वांत कमी काळजी लेबलाचीच घेतात.

काही वर्षांपूर्वीच्या आमच्या मेळाव्यात घडलेला प्रसंग सांगते. सकाळी दारे उघडण्यापूर्वी एका नव्या स्वयंसेवकाला वाटले, की मातीने माखलेली, वेगवेगळ्या हस्ताक्षरांतली लेबले टेबलावर बरी दिसत नाहीत. त्याने एका ट्रेमधली सगळी लेबले उपटली, ट्रेसमोर त्याच क्रमाने मांडली आणि तो ती नव्या पांढऱ्या पट्ट्यांवर सुवाच्य अक्षरात उतरवू लागला. तेवढ्यात चहाचे कप ठेवायला जागा हवी म्हणून कोणीतरी तो ट्रे उचलला आणि उलटा फिरवून पलीकडे ठेवला. स्वयंसेवकाने नवी लेबले आपल्या क्रमाने खोचून टाकली. कुणाच्या काही लक्षात आले नाही, कारण त्या आठवड्यात थंडी कडक होती आणि बहुतेक कळ्या अजून मिटलेल्या होत्या. दुपारपर्यंत ट्रे रिकामा झाला.

चूक उघडकीला आली ती पुढच्या हिवाळ्यात. एका निवृत्त शिक्षिकेने मला फोन केला, की तिच्याकडचा ‘ॲटकिन्साय’ हा वाण वाऱ्यावर फारच झुलतो आहे. मी जाऊन पाहिले. ‘ॲटकिन्साय’ उंच असतो, लवकर फुलतो, त्याच्या पाकळ्या लांबट असतात. तिच्याकडचे फूल मात्र लांब, बारीक, कमानदार देठाला लटकत होते आणि जरा झुळूक आली की डोलत होते. तो ‘मॅग्नेट’ होता, यात शंका घ्यायला जागाच नव्हती. आदल्या उन्हाळ्यात तिने त्यातला एक मोठा कंद उभा कापून त्याचे काप केले होते, प्रत्येक कापाला तळाच्या चकतीचा तुकडा राहील अशी काळजी घेतली होती, आणि त्यांतून धरलेले बालकंद ‘ॲटकिन्साय’ म्हणून मैत्रिणींना वाटायला काढून ठेवले होते. असे कंद फुलावर यायला दोनतीन वर्षे लागतात, म्हणजे तोवर चुकीचे नाव पाचसहा बागांत मुरले असते.

मग आम्ही त्या ट्रेतून कंद नेलेल्या प्रत्येकाला शोधून काढले आणि फुलासकट कुंडी आणायला सांगितले. काहींची ओळख पटली. ‘स्ट्रॅफन’ सापडला तो उशिराने, कारण त्याच्या भरलेल्या कंदातून पहिले फूल उतरत असताना दुसरा दांडा वर येतो आणि त्याखेरीज आम्हाला खात्री वाटत नव्हती. तीन कुंड्यांचे कोडे मात्र शेवटपर्यंत सुटले नाही. त्यांवर ‘नाव अनिश्चित’ असे लिहिले आणि त्या तशाच राहिल्या. अंदाजाने नाव देऊन मोकळे होण्याचा आग्रह तेव्हा बऱ्याच जणांनी धरला होता, आणि तो मानला नाही याचे मला आजही समाधान आहे.

माझी स्वतःची पद्धत सांगते. लेबल शिसपेन्सिलीने लिहावे. मार्करची शाई एकदोन उन्हाळ्यांत उडते, पेन्सिलीचे अक्षर वर्षानुवर्षे वाचता येते. एक लेबल वर खोचावे आणि दुसरे कुंडीच्या तळाशी मातीत पुरावे, कारण ब्लॅकबर्ड नावाचे इथले काळे पक्षी किडे शोधताना वरची लेबले उपटून फेकतात. लेबलावर नावाबरोबर कंद कोणाकडून आणि कोणत्या वर्षी आला तेही लिहावे, म्हणजे पुढे शंका आली तर विचारायला माणूस असतो. वाफ्यात लावताना मी प्रत्येक वाण तळ्यातल्या झाडांसाठी मिळणाऱ्या जाळीदार प्लॅस्टिकच्या टोपलीत लावून टोपलीच जमिनीत पुरते. मुळे बाहेर जातात, कंद शेजारच्या वाणात मिसळत नाहीत. आणि फुले उतरली की बीजकोश खुडून टाकते. बी तिथेच पडले तर त्यातून उगवलेली रोपे मूळ वाणाच्या झुबक्यात वाढतात, ती मूळ वाणासारखी असतीलच असे नाही, आणि चारपाच वर्षांनी एकाच लेबलाखाली दोनतीन प्रकारची फुले दिसू लागतात. हा सगळा खटाटोप कंटाळवाणा आहे, पण ज्याला तो नको असेल त्याने नावाचे वाण गोळा करण्याच्या फंदात पडू नये. साधा गॅलँथस निव्हॅलिस झाडाखाली भरपूर लावावा, तोही तितकाच सुंदर दिसतो.

फूल पाहणे, पान न पाहणे

नवखा माणूस कुंडी उचलतो, फूल बघतो आणि नाव ठोकून देतो. जाणकार आधी पानांच्या बुडाशी पाहतो. निव्हॅलिसची दोन पाने उगवताना एकमेकांवर सपाट टेकलेली असतात. एल्वेसाय या प्रजातीचे एक पान दुसऱ्याला तळाशी गुंडाळून घेते आणि पाने रुंद, राखाडी झाक असलेली असतात. प्लिकॅटस या प्रजातीच्या पानांच्या कडा मागे दुमडलेल्या असतात, बोट फिरवले तरी ती घडी जाणवते. एवढे तीन प्रकार ओळखता आले, तरी टेबलावरच्या निम्म्या चुका जागच्या जागी पकडता येतात.

फुलाची आतली खूण पाहण्यासाठी फूल चिमटीत धरून वर वळवू नका, देठ मोडतो. फुलाखाली बोट अलगद धरून ते किंचित उचलावे किंवा छोटा आरसा खाली धरावा. मी खिशात आरसाच ठेवते.

रोगट कुंडी टेबलावर आणणे

ही माझ्या मते लेबलाच्या खालोखालची मोठी चूक आहे, आणि ती बहुधा भिडेपोटी होते. कुंडी द्यायचे कबूल केलेले असते, पानांवर काहीतरी दिसते, पण ‘थंडीने झाले असेल’ असे म्हणून ती आणली जाते.

दोन बुरश्या लक्षात ठेवाव्यात. पहिली बोट्रायटिस गॅलँथिना. तिची लागण झालेली पाने वाकडीतिकडी, खुरटी वर येतात आणि त्यांवर राखाडी लव दिसते. हिवाळा उबदार आणि दमट असला की ती फोफावते. दुसरी स्टॅगोनोस्पोरा. तिच्यामुळे पानांची टोके तांबूस तपकिरी होऊन करपल्यासारखी दिसतात, पाने अकाली मरतात आणि कंदाला पुढच्या वर्षाची शिदोरी साठवता येत नाही. अशा कंदांसाठी घरगुती बागेत खात्रीचे औषध नाही. मी तो कंद भोवतालच्या मातीसकट काढते आणि कचऱ्याच्या पेटीत टाकते, खताच्या खड्ड्यात कधीही नाही.

ही भीती नवी नाही. एकोणिसाव्या शतकात सॉमरसेटमधल्या शेप्टन मॅलेट गावी जेम्स ॲलन यांनी स्नोड्रॉपचे संकर करून मोठा संग्रह उभा केला होता. वर उल्लेखलेला ‘मॅग्नेट’ त्यांचाच. त्यांचा बराचसा संग्रह बोट्रायटिस आणि कंद पोखरणाऱ्या नार्सिसस माशीच्या अळ्यांनी नष्ट केला. ज्या माणसाला या फुलाची त्या काळात सर्वाधिक माहिती होती त्याच्याही वाफ्यांना बुरशीने सोडले नाही, मग आपण किती काळजी घ्यायला हवी हे उघड आहे.

म्हणून मेळाव्यातून आणलेली कुंडी, कितीही विश्वासू माणसाने दिलेली असली तरी, पुढचा वसंत पूर्ण होईपर्यंत इतर संग्रहापासून दूर ठेवावी. माझ्याकडे त्यासाठी घराच्या मागच्या भिंतीलगत वेगळी जागा आहे. तिथून एखादी कुंडी लवकर हलवावी असा मोह मलाही होतो, पण मी हलवत नाही. आणि टेबलावर संशयास्पद पान दिसले तर मी कुंडी परत करते. लोक नाराज होतात. होऊ देत.

दार उघडताच महागड्या कुंडीकडे धाव घेणे

2015 मध्ये ‘गोल्डन फ्लीस’ या वाणाचा एक कंद लिलावात 1,390 पौंडांना गेला आणि 2022 मध्ये ‘गोल्डन टियर्स’चा 1,850 पौंडांना. या बातम्या वाचून आलेले लोक पहिल्या पाच मिनिटांत पिवळ्या खुणेचा, दुर्मीळ, एकच कोंब वर आलेला कंद विकत घेतात. तो कंद आपल्या मातीत जगेल का, हे त्यांनी विचारलेले नसते. पहिली काही वर्षे ‘एस. आर्नॉट’सारखे दणकट वाण लावावेत. तो भराभर वाढतो, त्याला मधासारखा सुवास असतो आणि आपली माती, आपली सावली, आपले पाणी कसे आहे हे तो स्वस्तात शिकवतो. ज्यांना इतका धीर नाही त्यांचे पैसे जातात, आणि वाईट म्हणजे एक दुर्मीळ कंदही जातो.

काही छोट्या गोष्टी

घेतलेली कुंडी गाडीत हीटरसमोर ठेवू नका. थंड डिकीत उभी ठेवा आणि घरी गेल्यावर बाहेरच राहू द्या. गरम दिवाणखान्यात फूल झपाट्याने उतरते.

शरद ऋतूत दुकानात पाकिटातून मिळणारे सुकलेले कंद घेऊ नका. स्नोड्रॉपचा कंद फार कोरडा पडला की मरतो. हिरव्या पानांसकट उपटून दिलेला झुबका चालतो, पण मुळे तुटलेली असतात, म्हणून तो त्याच दिवशी लावावा. माझी पसंती कुंडीत वाढवलेल्या रोपाला आहे, कारण मातीचा गोळा न मोडता ते जमिनीत जाते.

फुले संपल्यावर पाने कापू नका, बांधू नका. ती आपोआप पिवळी पडू द्या.

कंद कांद्यासारखा दिसतो आणि तो विषारी आहे. मुलांपासून आणि स्वयंपाकघरापासून दूर ठेवा.

बाग पाहायला जाताना वाटेवरून चाला. छायाचित्रासाठी वाफ्यात पाय टाकणाऱ्यांना दिसत नाही, की फुललेल्या झुबक्यांच्या मधे, पालापाचोळ्याखाली, अजून वर न आलेल्या वाणांची टोके असतात. ग्लॉस्टरशायरमधल्या कोल्सबोर्न पार्कसारख्या बागेत, जिथल्या हेन्री एल्विस यांना 1874 मध्ये आजच्या तुर्कस्तानात एल्वेसाय सापडला, हिवाळ्यातल्या खुल्या दिवसांना शेकडो माणसे येतात. प्रत्येकाने एकच पाऊल चुकीचे टाकले तरी काय होईल याचा विचार करावा.

वेगळे फूल दिसले की लगेच नाव देणे

एखाद्या वर्षी कंदाला ताण बसला तर फुलाला चार पाकळ्या येतात, खूण फिकट पडते, कधी फूल दुहेरी निघते. दुसऱ्या वर्षी ते पुन्हा नेहमीसारखे होते. तरीही दर मेळाव्यात कोणीतरी नातीच्या नावाने ‘नवा वाण’ घेऊन येतो. माझे त्यांना एवढेच सांगणे असते, की फूल निदान चारपाच हंगाम सलग पाहा, शेजारी ज्ञात वाण ठेवून तुलना करा, कंद दुणावून त्यांतूनही तेच फूल येते का ते बघा. एवढे करूनही ते वेगळे आणि चांगले वाटले तर खुशाल नाव द्या. हजारभर नावांत आणखी एक अनावश्यक नाव पडले की ते टेबलावर निस्तरण्यात पुढच्या पिढीचा वेळ जातो.

कंद भारतात नेणे

हा प्रश्न मराठी मंडळी हमखास विचारतात: आईसाठी दोन कंद पुण्याला नेले तर चालतील का? पहिली गोष्ट, गॅलँथसचा संपूर्ण वंश, म्हणजे त्याच्या सगळ्या प्रजाती, 1990 पासून साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे सीमा ओलांडायला परवाना लागतो, शिवाय वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र आणि भारताचा आयात परवाना वेगळा. रानातून ओरबाडलेल्या कंदांच्या व्यापाराला आळा घालण्यासाठी ही बंधने आहेत आणि ती पाळायलाच हवीत. युरोपातल्या मित्रांना पाठवतानाही 2021 पासून कागदपत्रे लागतात. दुसरी गोष्ट, या कंदाला फुलण्यासाठी लांब, थंड हिवाळा लागतो. पुण्या-नाशिकच्या हवेत तो एकदोन वर्षांत संपतो. तिथल्या कुंडीसाठी याच कुळातले मे फ्लॉवर आहे. उन्हाळ्याच्या ऐन भरात त्याचा लाल गोंडा फुलतो आणि त्याचा कंद जवळच्या रोपवाटिकेत सहज मिळतो.