ब्रेकमधून खरखर येते? चाक खोलण्याआधी आणि खोलल्यावर या चुका टाळा

पुण्यातल्या पावसाळ्यात सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये रात्रभर भिजलेली गाडी सकाळी काढताना पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरखर आली, तर ती बहुधा डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीवर, चढलेल्या गंजाची असते. डिस्क बिडाची असल्याने ओलाव्याने एका रात्रीत गंजते आणि पॅड (ब्रेक दाबल्यावर डिस्कला दोन्ही बाजूंनी घासून थांबवणारे तुकडे) तो पातळ थर खरवडून काढतात. गल्लीच्या टोकापर्यंत आवाज थांबला, तर काहीही करावे लागत नाही. या आवाजाला घाबरून पॅड बदलणे ही एक चूक झाली. मात्र दिवसभर येणारी खरखर ‘पावसामुळे असेल’ म्हणून आठवडेच्या आठवडे अंगावर काढणे ही त्याहून कितीतरी महाग पडणारी चूक आहे.

चाक खोलण्याची घाई करण्याआधी आवाज नेमका केव्हा येतो, हे शांत रस्त्यावर काचा खाली करून ऐकावे. पेडल दाबल्यावरच आवाज येत असेल, तर संशय पॅडवर किंवा मागच्या ड्रममधल्या लायनरवर (ड्रम ब्रेकमध्ये पॅडचे काम करणाऱ्या पट्टीवर) घ्यावा. पेडल न दाबताही चाकाच्या फेऱ्यांबरोबर खरखर होत असेल, तर डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांच्यात खडा अडकलेला असू शकतो. रस्ते खोदलेले असताना आणि खडी पसरलेली असताना हे वारंवार घडते, आणि पुण्यात रस्ते कधी खोदलेले नसतात हा प्रश्न वेगळाच. वेग वाढताना वाढणारी आणि वळणावर कमी-जास्त होणारी घरघर बहुधा चाकाच्या बेअरिंगची असते; ती ब्रेकची समजून नवे पॅड बसवणारे पैसे घालवतात आणि आवाज तसाच राहतो. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबताच पेडल पायाखाली थरथरले आणि घरघर आली, तर ते एबीएसचे, म्हणजे चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे, काम आहे, बिघाड नव्हे.

बारीक, कर्कश ‘चीं’ आणि जाड खरखर यांत फरक आहे. अनेक पॅडना एक छोटी पोलादी पट्टी असते. पॅड झिजून दोन-तीन मिलिमीटर उरले की ती डिस्कला घासून चीं आवाज करते. ही पूर्वसूचना असते. पेडल दाबल्यावर येणारी आणि न थांबणारी खरखर म्हणजे पॅडचे साहित्य बहुधा संपले असून मागची लोखंडी पाटी डिस्कवर घासते आहे. त्या अवस्थेत ‘रविवारी बघू’ म्हणत गाडी चालवली, तर पॅडच्या खर्चात डिस्कचाही खर्च मिळवावा लागतो आणि गाडी थांबायला लागणारे अंतर वाढते ते वेगळेच.

अलॉय चाकाच्या फटीतून टॉर्च मारून बाहेरचे पॅड पाहायचे आणि समाधान मानायचे, हा प्रकारही फसवा आहे. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या) सरकत्या पिना गंजून अडकल्या, तर अनेकदा आतले पॅड आधी संपते आणि बाहेरचे जाड दिसत राहते. फेरी मारून आल्यावर एकच चाक इतरांपेक्षा जास्त तापलेले असेल (हात न लावता, जवळ नेऊनच अंदाज घ्यावा), तर तिथला कॅलिपर अडकला असल्याची शक्यता मोठी. अशा वेळी पिना साफ न करता नुसते पॅड बदलले, तर तीच खरखर थोड्याच दिवसांत परत येते.

काम घरी करायचे असेल, तर बेसमेंटच्या उतारावर ते मुळीच करू नये. सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवावी, न उचललेल्या चाकांना अडण लावावे, नट चाक जमिनीवर असतानाच सैल करावेत आणि गाडी उचलल्यावर तिच्याखाली स्टँड लावावा. गाडीसोबत मिळणारा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. केवळ त्याच्या भरवशावर काम करत बसणे ही या लेखातली सर्वांत गंभीर चूक समजावी.

कॅलिपर सोडवल्यावर तो रबरी नळीवर लोंबकळू न देता तारेने बांधून ठेवावा. नवे पॅड बसवण्यासाठी कॅलिपरमधला पिस्टन (पॅडला दाबणारा दट्ट्या) मागे ढकलताना ब्रेक ऑइल वर चढते, म्हणून त्या ऑइलच्या टाकीवर लक्ष ठेवावे. ते रंगावर सांडले तर रंग खराब होतो. मागे डिस्क आणि इलेक्ट्रिक हँडब्रेक असलेल्या गाड्यांत पिस्टन जोर लावून ढकलू नये, ते काम गॅरेजवर सोपवावे. आवाज बंद व्हावा म्हणून डिस्कवर तेल किंवा गंज काढणारा स्प्रे मारणारेही लोक आहेत. त्याने आवाज कदाचित जाईल, पण ब्रेकही जाईल. ब्रेकचे ग्रीस फक्त पिनांना लावावे, घर्षणाच्या पृष्ठभागाला कधीही नाही. धूळ फुंकरीने न उडवता ओल्या फडक्याने पुसावी.

नाना पेठेत सुटे भाग घ्यायला जाताना जुने पॅड सोबत न्यावे, कारण एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांत पॅडचा आकार बदललेला असू शकतो. पॅड नेहमी डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे एकत्र बदलावेत. डिस्कवर नख अडकेल इतक्या खोल चऱ्या असतील, तर तिची जाडी मोजून डिस्कवरच कोरलेल्या किमान जाडीशी ताडून पाहावी. लेथवर घासल्यानंतरही ती त्याहून जास्त उरणार नसेल, तर डिस्क बदलणेच योग्य.

चाक बसवताना नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत अनेकदा दाबावे. हे विसरल्यास पहिल्या वळणावर पेडल थेट तळाला जाते. नवे पॅड बसवून लगेच सिंहगड किंवा कात्रज घाट गाठू नये. आधी मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून हळूहळू वेग कमी करण्याची क्रिया आठ-दहा वेळा, मध्ये ब्रेक थंड होऊ देत, करावी. घाट उतरताना पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडण्याची सवयही पॅड लवकर संपवते. खालचा गिअर टाकला की उतरण्याचा बराच भार इंजिन पेलते.

पेडल मऊ लागत असेल, हळूहळू खाली बसत असेल, किंवा हँडब्रेक सोडल्यावरही ब्रेकचा लाल दिवा पेटलेला राहत असेल, तर घरी काही खोलू नये आणि गाडी चालवत गॅरेजपर्यंतही नेऊ नये. ती टो करूनच न्यावी.