हॉक्स जनुकांचा परिणाम उंदराच्या गर्भाच्या मणक्यांवर कसा वाचावा

हॉक्स जनुके म्हणजे गर्भाच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत कुठला भाग काय बनेल हे ठरवणारी जनुके; त्यांचा परिणाम पाहायला आधी कूर्चा आणि हाडे रंगवावी लागतात. जन्माच्या उंबरठ्यावरचा, १८.५ दिवसांचा मृत गर्भ घ्या. कातडी, आतडी आणि मानेमागची चरबी काढा. चरबी राहिली तर पुढे सगळे धूसर दिसते. ९५ टक्के इथेनॉलमध्ये रात्रभर, मग ॲसिटोनमध्ये रात्रभर ठेवा. फॉर्मॅलिन टाळा, त्याने ऊती नंतर नीट पारदर्शक होत नाहीत.

कूर्चा निळी रंगवण्यासाठी ०.०३ टक्के अल्शियन ब्लू, चार भाग इथेनॉल आणि एक भाग ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडमध्ये. एक रात्र पुरे. जास्त ठेवल्यास आम्लाने हाडातले कॅल्शियम विरघळते आणि नंतर लाल रंग धरत नाही. इथेनॉलने धुवा. मग ऊती पारदर्शक करायला १ टक्का पोटॅशियम हायड्रॉक्साइड, त्यातच हाडे लाल रंगवणारे ०.००५ टक्के अ‍ॅलिझरिन रेड. इथे घड्याळावर नव्हे, गर्भावर नजर हवी: बरगड्या स्पष्ट दिसताच ग्लिसरीनमध्ये हलवा, नाहीतर सांधे सुटून बरगड्या गळून पडतात.

आता खरे काम, मोजणी. पहिल्या मणक्यापासूनच सुरुवात करा: मानेचे ७, बरगड्यांचे १३, कमरेचे बहुधा ६. बरगड्यांच्या पहिल्या ७ जोड्या छातीच्या हाडाला जुळतात. हॉक्ससी८ हे जनुक निकामी असेल तर आठवी जोडीही तिथे पोहोचते आणि कमरेच्या पहिल्या मणक्यावर चौदावी उगवते. हॉक्स१० गटाची तिन्ही जनुके बंद केली तर कमरेच्या सगळ्याच मणक्यांना बरगड्या फुटतात; म्हणजे बरगडी रोखणे हेच त्या गटाचे काम. कमरेचे मणके वाणानुसार ५ किंवा ६ असतात, म्हणून तुलना त्याच वेतातल्या निरोगी भावंडांशीच करा.