मदेरातली सुट्टी, पक्षी आणि दुसरा ड्रायव्हर

पासपोर्ट, शेंगेन व्हिसा, विमा, सनस्क्रीन हे सांगायची गरज नाही. ही यादी पोर्तुगालच्या मदेरा बेटावर घरच्यांबरोबर आठवडाभर जाणाऱ्या आणि त्यातच पक्षी बघायची आशा धरणाऱ्या माणसासाठी आहे. त्यात पहिली गोष्ट तीच, जी गेल्या खेपेला राहून गेली आणि अख्ख्या आठवड्याचं गणित बिघडवून गेली: गाडी भाड्याने घेताना करारात दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव घाला. घरात दोघांना गाडी येते, एवढं पुरत नाही. ज्याचं नाव करारात नाही त्याने गाडी हातात घेतली की विमा गेला. मग गाडी एकाचीच होऊन बसते. तो पहाटे पक्ष्यांमागे गेला की बाकीचे हॉटेलात अडकतात, आणि बाकीच्यांना कुठे जायचं असलं की तो स्टिअरिंगला बांधलेला. घाटात गाडी चालवणाऱ्याला पक्षी दिसत नाहीत, आणि दिसू नयेत हेच बरं.

हे बुकिंगच्या दिवशीच करा. दुसऱ्या ड्रायव्हरचे बहुतेक ठिकाणी दिवसागणिक वेगळे पैसे पडतात. हे पैसे वाचवायचे नाहीत. गाडी घेताना काउंटरवर दोघांनी हजर राहायचं, दोघांची मूळ लायसन्स हातात ठेवून. चेक-इन बॅगेच्या तळाशी नको, आणि मोबाइलमधल्या डिजिलॉकरच्या भरवशावर तर मुळीच नको. भारतीय लायसन्स असेल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढायचा, तोही दोघांचा वेगवेगळा. एकाचा काढला की काम झाल्यासारखं वाटतं आणि तिथेच घोळ होतो. हा परवाना एकच वर्ष चालतो, मागच्या सहलीचा असेल तर तारीख बघा. ब्रिटनमधल्या एखाद्याचं लायसन्स फक्त ऑटोमॅटिकचं असतं. मग गाडीही ऑटोमॅटिकच लागेल. त्या थोड्या असतात आणि लवकर संपतात. अगदी लहान गाडी घेऊ नका. एक लिटरचं इंजिन, चार माणसं आणि बॅगा असल्या की मदेराच्या चढावर पहिल्या गिअरवर यावं लागतं. पुणेकर असो वा लंडनकर, सवय रस्त्याच्या डाव्या बाजूची. इथे गाड्या उजवीकडून चालतात, तेव्हा दोघांनीही पहिल्या दिवशी सपाट रस्त्यावर हात बसवून घ्या. बारा वर्षांखालच्या आणि १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना चाइल्ड सीट कायद्यानेच लागते, तीही तेव्हाच सांगून ठेवा.

महिना कोणता, याचं उत्तर सोपं आहे. आपल्याकडची मे महिन्याची सुट्टी इथल्या समुद्रपक्ष्यांच्या हंगामात नेमकी पडते. मेपासून ऑगस्टपर्यंत कोरीज शिअरवॉटर, बुलवर्स पेट्रेल आणि झिनोज पेट्रेल तिन्ही असतात. डिसेंबरअखेरीची राजधानी फुंशालमधली आतषबाजी बघायला जाणार असाल तर समुद्राची आशा सोडा. कोरीज नोव्हेंबरात निघून जातात ते फेब्रुवारीच्या सुमारास परततात. जंगलातले पक्षी मात्र बारमाही आहेत. दुसरी सोय सूर्याने केली आहे. उन्हाळ्यात घड्याळ पुढे केलेलं असतं आणि बेट बरंच पश्चिमेला, त्यामुळे मेच्या मध्यावर सूर्योदय सात वाजून गेल्यावर होतो आणि सूर्यास्त रात्री नऊच्या आसपास. म्हणजे मुलं उठून, आवरून, हॉटेलचा नाश्ता आटपेपर्यंत तुम्हाला अडीच तास मिळतात. चार वाजता उठायची शूरता लागत नाही. किती सकाळी घ्यायच्या हे घरीच ठरवा, तिथे गेल्यावर नव्हे. सातांपैकी तीन सकाळी, एक दुपार, एक रात्र, बस. याहून जास्त मागितलं की पुढच्या वर्षीची सुट्टी दुबईला.

आता जागा. बेटावर घरट्यांना बसणारे पक्षी मोजकेच आहेत, म्हणून पन्नास जातींची यादी डोक्यातून काढा. इथे यायचं ते जगात दुसरीकडे नसलेल्या दोन-चार पक्ष्यांसाठी. जंगलातले रिबेरू फ्रियू गावाहून बालकोइशच्या सज्जापर्यंतच्या वाटेवर भेटतात. जायला दीड किलोमीटर, यायला तेवढंच, जवळजवळ सपाट. आजी-आजोबाही चालतील. लॉरिसिल्व्हा म्हणतात ते सदाहरित रान हेच. १९९९ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. सज्जावरून खाली दरीत बघत राहा, मोठं, गडद राखाडी, मानेवर चंदेरी झाक आणि शेपटीत फिकट पट्टा असलेलं कबूतर झाडांच्या शेंड्यांवरून उडेल. तो ट्रोकाझ. वरून बघायला मिळतो ही खरी चैन. मदेरा फायरक्रेस्ट वाटेवरच्या झाडांत असतो, अगदी चिमुकला, आवाज इतका बारीक की पन्नाशीपुढच्या कानांना ऐकू येईलच असं नाही. पोरांना ऐकायला लावा. चॅफिंच तर हातावर येऊन बसतात आणि सहा वर्षांच्या मुलाचं मत तिथेच बदलतं. मात्र पोळी-बिस्किटांचा चुरा देऊ नका. पाटाच्या पाण्याकाठी शेपूट हलवणारा करडा धोबी सह्याद्रीत हिवाळ्यात दिसतो तोच, इथे वर्षभर राहणारा. दहानंतर टुरिस्ट बस येतात आणि सज्जावर उभं राहायला जागा उरत नाही. इथेही तेच: दुसरा ड्रायव्हर असेल तर पहाटे तुम्हाला सोडून तो परत जाऊ शकतो, नाश्ता करून दहाला सगळ्यांना घेऊन येतो, आणि घरच्यांच्या दृष्टीने तुम्ही सुट्टीत हजर असता. अधिकृत पायवाटांना बाहेरच्यांसाठी आता शुल्क आहे, ते आगाऊ ऑनलाइन भरा. दरडी आणि वणव्यांमुळे वाटा बंदही होतात, आदल्या दिवशी खात्री करा. इतर लेवाडांवर, म्हणजे डोंगराला धरून जाणाऱ्या पाटांच्या वाटांवर, बाबागाडी नेऊ नका. वाट दोन फूट, पलीकडे कडा.

बेटाच्या पूर्वेला साओ लोरेंसूच्या टोकावर तीन किलोमीटर उन्हात जाऊन पुन्हा तेवढंच यायचं आणि सावली नाही. पक्ष्यांसाठी गरजच नाही. बर्थेलॉटचा पिपिट गाडीतळावरच पायांशी धावत असतो, बघा आणि निघा. परतीच्या वाटेवर माशीकू गावाला पिवळ्या वाळूचा किनारा आहे; ती वाळू मोरोक्कोतून आणलेली, पण किल्ला बांधणाऱ्यांना त्याचं काय? ते वाळूत, तुम्ही ओढ्याच्या मुखाशी चिखलपक्षी आणि सुरय बघत. नेहमीच्या सुरयांत एखादा रोझिएट सुरय असतो, काळसर चोच आणि लांब शेपूट बघून वेगळा काढा. फुंशालमध्ये खोलीच्या बाल्कनीतून प्लेन स्विफ्ट नावाच्या पाकोळ्या दिसतात, त्यांना वेळ राखून ठेवायला नको.

घर आणि पक्षी यांचं सगळ्यात झकास जमतं ते पोर्तू मोनीझला. लाव्हाच्या खडकांत समुद्राचं पाणी भरलेले नैसर्गिक तलाव आहेत, मुलं दोन-तीन तास पाण्यातून बाहेर येत नाहीत. तुम्ही शेजारी स्कोप, म्हणजे तिकाटणीवरची लांब पल्ल्याची दुर्बीण, लावून उत्तरेला समुद्र धुंडाळायचा. दुपारनंतर या, उत्तरेचा वारा असेल तर पक्षी जवळून जातात. कोरीज शेकड्यांनी, पंख किंचित वाकवून लाटांना घासत. मधेच सगळा काळा, लांब शेपटीचा बुलवर्स. स्कोपची तिकाटणी उंच करू नका, वाऱ्याने चित्र थरथरतं. खडकावर बसून, पाय आखूड ठेवून बघा. लेन्स पुसायला दोन-तीन कापडं, खारे तुषार दहा मिनिटांत काच आंधळी करतात. फुंशालहून तासाभराचा रस्ता आहे आणि परतताना तुमचे डोळे थकलेले असणार. गाडी कोणी चालवायची? ज्याचं नाव करारात आहे त्या दुसऱ्याने. सांगितलं ना.

एक पूर्ण दिवस शेजारच्या पोर्तू सांतू बेटाला द्या. फेरी सकाळी फुंशालहून सुटते, सुमारे अडीच तास लागतात, संध्याकाळी परत. तिथे नऊ किलोमीटर वाळूचा किनारा, त्यामुळे ही सहल घरच्यांच्या नावावर खपते, आणि तुम्हाला डेकवरून जाता-येता पाच तास समुद्र मिळतो. डेकवर सावलीच्या बाजूला उभं राहा. उलटीची गोळी निघण्याआधी तासभर घ्यायची, बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. बेटावर हुदहुद दिसेल, आपलाच. वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलतं, आधी बघा.

खास समुद्रपक्ष्यांची सफर, रबरी वेगवान बोटीतून, साधारण दुपारी माशीकूहून निघते आणि अंधार पडता पडता परतते. लहान मुलांना नेऊ नका, पाठीला दणके बसतात. माशांचा खिमा गोठवून केलेली लादी पाण्यात सोडतात, तिच्या वासाने पेट्रेल जमतात. डेझेर्ताश पेट्रेल आणि झिनोज समुद्रात ओळखायला महाकठीण, चोचीची जाडी फोटोत बघावी लागते. कॅमेऱ्याचं शटर १/२००० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा आणि तिथल्या तिथे भांडू नका. आणि आता विचार करा, तुम्ही सहा-सात तास समुद्रात, गाडी माशीकूच्या धक्क्यावर उन्हात उभी, घरचे पंचवीस किलोमीटर दूर. दुसरा ड्रायव्हर नसेल तर ही एक दुपार अख्ख्या घराला पडते. असेल तर ते तुम्हाला धक्क्यावर सोडून निघून जातात आणि रात्री जेवण झाल्यावर न्यायला येतात. एवढ्यासाठीच ते नाव घालायचं.

झिनोज पेट्रेलची रात्र पिकू दु अरियेरू शिखरावर, १८१८ मीटरवर. हा पक्षी फक्त मदेराच्या मधल्या डोंगरात घरटी करतो, ६५ ते ८० जोड्या. नाहीसाच झाला असं धरून चालले होते. पॉल अलेक्झांडर झिनो यांनी दुसऱ्या पेट्रेलचा ध्वनिमुद्रित आवाज एका मेंढपाळाला ऐकवला, त्याने तो ओळखला आणि १९६९ मध्ये घरटी सापडली. स्वतःच्या मनाने जाऊ नका, वाटाड्याबरोबर जा. आवाज ऐकू यायला साडेदहा तरी वाजतात, हॉटेलात परत यायला दीड. टॉर्च बंद, मोबाइलवर आवाज वाजवायचा नाही, वाट सोडायची नाही. चांदणं नसलेली रात्र निवडा. खाली फुंशालला टी-शर्ट, वर वाऱ्यात दात वाजतात: जॅकेट, कानटोपी, हातमोजे, उबदार पॅंट. पक्षी बहुधा दिसणार नाही, ऐकायचा आहे, हे आधीच समजून घ्या. ही रात्र आठवड्याच्या मध्यावर ठेवा, म्हणजे ढग आले तर पुढची रात्र हाताशी राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गाडी चालवायच्या लायकीचे नसता. हे आता तिसऱ्यांदा की चौथ्यांदा सांगतोय, पण दोन्ही लायसन्स, दोन्ही नावं.

बाकी सामान: ८x४२ दुर्बीण, मुलांसाठी एक हलकी वेगळी, नाहीतर तुमची त्यांच्या गळ्यात जाते. छोटा स्कोप. रेनकोट. बोगद्यांच्या वाटेसाठी हेडलॅम्प. ई-बर्ड आणि मर्लिन या पक्ष्यांच्या अ‍ॅपचे पॅक घरूनच उतरवून घ्या.

शेवटचे दोन दिवस काही ठरवू नका. विमानतळावर वारा लागला की विमानं पोर्तू सांतूला किंवा लिस्बनला वळवतात, पुढच्या जोडविमानात भरपूर अंतर ठेवा. टाकी भरून गाडी द्या, ओरखड्यांचे फोटो घ्या. याद्या विमानात भरा.